नव्या देशांचे जुने पूर्वज आणि आमच्या गावचा एक वीरगळ

माणगंगा :

नमस्कार मंडळी. माझं माहेर माण तालुक्यात आणि नोकरी सांगलीत, शाळेत शिकवते. गावच्या यात्रेनिमित्त यंदा स्मरणिका काढायचं ठरलंय. 'गावाचा इतिहास' हे पान माझ्या वाट्याला आलं. लिहायला बसले आणि एका दगडापाशी अडकले.

मारुतीच्या देवळामागं लिंबाखाली एक वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, उभा आहे. माझ्या कमरेएवढा असेल. खालच्या कप्प्यात चार गाई एकीमागं एक, त्यांच्यापुढं ढाल-तलवार घेतलेला माणूस, आणि त्याच्याच पायाशी तो आडवा पडलेलाही दिसतो. मधल्या कप्प्यात दोन अप्सरा त्याला दंडाला धरून वर नेतायत. वरच्या कप्प्यात तो पिंडीपुढं हात जोडून बसलाय. अगदी माथ्याला चंद्र-सूर्य. अक्षर एकही नाही. खालच्या भागावर शेंदराचा इतका थर बसलाय की गाईंचे पाय त्यात बुडालेत.

यात्रा कमिटीतल्या काही जणांना हा दगड उचलून एसटी स्टँडच्या चौकात न्यायचाय. ग्रॅनाइटचा चौथरा करायचा, वर छत्री, आणि पाटीवर एका सरदाराचं नाव. नाव कुठून आलं विचारलं तर एका भावकीत पूर्वीपासून ऐकिवात आहे म्हणतात. दुसरा गट म्हणतो, 'राष्ट्रकूट' लिहा. इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी मानपूरचे राष्ट्रकूट म्हणजे आपल्या माणचे असं मांडलंय, मग दगडही त्यांचाच. मी म्हटलं, अहो, ते घराणं पाचव्या-सहाव्या शतकाच्या आसपासचं, आणि अशा घडणीचे वीरगळ आपल्याकडं शिलाहार-यादवांच्या काळातले. शिवाय मानपूर म्हणजे माणच, हेही सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही. त्यावर उत्तर मिळालं, "बाई, गावाला काहीतरी मोठं पाहिजे का नको?"

दरवर्षी मेंढरं घेऊन घाटाखाली उतरायच्या आधी धनगरांची दोन घरं या दगडापुढं नारळ फोडतात. त्यांना कुणी काही विचारलेलं नाही.

त्या रात्री डोक्यात आलं की गावं जे करतात तेच देशसुद्धा करतात. नवा देश उभा राहिला की जुना पूर्वज शोधतो, त्याला नाण्यावर, झेंड्यावर, चौकात बसवतो. हे कुठं कसं झालं, त्यातून कुणाचं भलं झालं आणि कोण बाजूला पडलं, ते तुम्हाला माहीत असेल तर सविस्तर लिहा. स्मरणिकेच्या एका पानासाठी एवढं कशाला, असं वाटेल. पण कमिटीपुढं बोलायला मला आधार हवाय.

कृष्णाकाठ :

ताई, विषय जिव्हाळ्याचा काढलात. मी वाळव्याचा. कामानिमित्त दोन वर्षं अंकाराला होतो. तिथल्या सिहिये चौकात धातूचं एक भलंमोठं शिल्प आहे, गोल कडं आणि त्यात हरणं. माझी बस रोज त्याला वळसा घालून जायची. सगळे त्याला हित्ती सूर्य म्हणतात.

मला कोडं पडायचं. हित्तींचं साम्राज्य इसवी सनापूर्वी 1200 च्या सुमारास कोसळलं. तुर्क अनातोलियात शिरले ते अकराव्या शतकात, मान्झिकर्टची लढाई 1071 ची. मधे सव्वादोन हजार वर्षांची दरी, मग हे गोत जुळलं कसं? त्यासाठी 1923 डोळ्यांपुढं आणावं लागतं. सल्तनत बुडालेली, ग्रीक फौज अनातोलियात खोलवर येऊन नुकती हटलेली, आणि ही जमीन आधीपासून कुणाची हा वाद पेटलेला. उस्मानी काळाशी नव्या प्रजासत्ताकाला नातं नको होतं. मग ग्रीकांच्याही आधीचा पूर्वज शोधणं आलं. 1930 च्या दशकात असा इतिहास शिकवायला लागले की तुर्क फार प्राचीन काळी मध्य आशियातून सगळीकडं पसरले, आणि सुमेरियन, हित्ती हे त्यांचेच भाऊबंद. 1933 साली सरकारी सुमेरबँक निघाली, तिच्याकडं कापडगिरण्या. 1935 साली एतीबँक, तिच्याकडं खाणी. एती म्हणजेच हित्ती. त्याच 1935 ला तुर्की संशोधकांनी अलाजाह्युकचं टेकाड खोदायला घेतलं.

आता यातली अडचण. हित्ती भाषा 1915 साली ह्रोझ्नी या चेक विद्वानानं उलगडली होती, आणि ती निघाली ग्रीक-संस्कृतच्या कुळातली. तुर्कीशी तिचा काही संबंध नाही. ज्या बोगाझक्योयला हित्तींचं दप्तर सापडलं तिथल्याच एका तहाच्या मातीच्या पाटीवर मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांची नावं आहेत. म्हणजे नात्याचाच हिशेब करायचा तर आपणही दावा सांगू शकतो! आणि चौकातला तो सूर्य ज्या मूळ वस्तूंवरून केला, त्या अलाजाह्युकच्या थडग्यांतल्या वस्तू हित्तींच्याही आधीच्या आहेत.

1995 साली अंकाराच्या महापालिकेनं आपल्या बोधचिन्हातून तो सूर्य काढला आणि मशिदीचं चित्र घेतलं. राज्यकर्ते बदलले आणि पूर्वजही बदलले. तुमच्या कमिटीला हे जरूर सांगा. आज ज्याचं नाव पाटीवर कोराल, ते पुढची कमिटी राखेलच असं नाही.

एक गोष्ट मात्र मनापासून लिहितो. तिथल्या संग्रहालयात शाळेची पोरं मातीच्या पाट्यांपुढं अर्धा अर्धा तास उभी राहिलेली मी पाहिलीत. सिद्धांत चुकीचा होता, पण त्याच्यापायी खोदलं गेलं, जपलं गेलं, आणि ते आज उरलंय. हे मला नाकारता येत नाही.

मिरजकर :

मॅसिडोनिया विसरू नका. 1991 ला युगोस्लाव्हियातून वेगळा झाला, 1992 ला झेंड्यावर ग्रीसमधल्या व्हर्गिनाच्या प्राचीन थडग्यात सापडलेला सोळा किरणांचा सूर्य घेतला. ग्रीसनं रान उठवलं, 1995 ला झेंडा बदलावा लागला. 2011 ला राजधानीच्या चौकात अलेक्झांडरसारखा दिसणारा प्रचंड घोडेस्वार उभा केला. शेवटी ग्रीसबरोबरच्या 2018 च्या प्रेस्पा करारात लिहून द्यावं लागलं की आमची भाषा आणि संस्कृती प्राचीन ग्रीकांशी संबंधित नाही. 2019 पासून देशाचं नाव उत्तर मॅसिडोनिया. पूर्वजांवरून शेजाऱ्याशी पंचवीस-सत्तावीस वर्षं भांडण. गावात भावकी-भावकीत होतं त्याचीच ही मोठी आवृत्ती.

वाईकर :

माझं मत थोडं वेगळं आहे. पूर्वज शोधण्यात गैर काहीच नाही, पुराव्याशिवाय शोधणं गैर. याच वाईत राजवाड्यांना जुन्या कागदांचं घबाड मिळालं आणि 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला. आधी कागद, मग अभिमान, हा क्रम त्या माणसानं आपल्याला घालून दिला.

झिंबाब्वेचं उदाहरण घ्या. तिथं चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंतींचं ग्रेट झिंबाब्वे नावाचं मोठं नगर आहे, साधारण अकराव्या ते पंधराव्या शतकातलं. 1905 साली रँडल-मॅकायव्हर आणि 1929 साली गर्ट्रूड कॅटन-थॉम्पसन या बाईंनी खोदून सांगितलं की हे काम आफ्रिकी लोकांचंच. पण ऱ्होडेशियाच्या गोऱ्या सत्तेला ते नको होतं. ज्यांची जमीन घेतली त्यांच्याच पूर्वजांनी नगर वसवलं हे कबूल केलं तर त्यांना रानटी कसं म्हणणार? म्हणून फिनिशियन, शेबाची राणी, काय वाटेल ते. पीटर गारलेक या पुरातत्त्वज्ञाला खरं बोलल्यापायी इतका जाच झाला की 1970 मध्ये त्यांनी देश सोडला. 1980 ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशानं त्या भग्न नगराचं नाव घेतलं आणि तिथला दगडी पक्षी झेंड्यावर घेतला. हा अभिमान खणखणीत आहे, कारण खाली पुरावा आहे.

याउलट घाना. 1957 ला गोल्ड कोस्ट स्वतंत्र झाला आणि घाना हे नाव घेतलं, पण प्राचीन घानाचं राज्य शेकडो किलोमीटर दूर, आजच्या मॉरिटानिया-मालीच्या भागात होतं. डाहोमीनं 1975 ला बेनिन नाव घेतलं, आणि जुनं बेनिन राज्य नायजेरियात.

तेव्हा ताई, पुरावा नसेल तर पान कोरं सोडा. कोऱ्या पानाची लाज नाही.

बळीचं_राज्य :

वाईकर सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण कागद ज्यांच्याकडं होता त्यांचाच इतिहास झाला हेही खरं ना? माझं गाव कटगुणच्या जवळ. कटगुण म्हणजे जोतीराव फुल्यांच्या घराण्याचं मूळ गाव. जोतीरावांकडं दप्तर नव्हतं. त्यांच्याकडं होती ओवाळणाऱ्या बायकांच्या तोंडातली एक ओळ, "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो." आमच्यात अजून दिवाळीत आई ओवाळताना म्हणते. त्या ओळीवरून त्यांनी 1873 च्या 'गुलामगिरी'त एक हरवलेलं राज्य उभं केलं. खंडोबा, जोतिबा, महासुभा (म्हसोबा) हे त्या बळीराजाचे अधिकारी. आमच्या पालीच्या यात्रेत भंडारा उधळणारा माणूस एका क्षणात एका राज्याचा वारस झाला.

त्यातल्या शब्दांच्या व्युत्पत्त्या भाषाशास्त्रात टिकत नाहीत हे मला माहीत आहे. कॉलेजात माझ्या सरांनी मला ते नीट समजावून सांगितलं होतं. तरी घरी येऊन मी आईकडून ओवाळून घेतलं आणि माझे डोळे भरले. अंकाराच्या बँकेला दिलेलं हित्तींचं नाव आणि रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्याला दिलेला बळीराजा, दोन्हींना एकाच तराजूत घालू नका एवढंच म्हणणं.

सातारची_मुलगी :

वरच्या प्रतिसादाला जोडून. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा नावाच्या मुलाचं नाव दाखल झालं. पाण्याला हात लावायची मुभा नसलेला तो मुलगा पुढं बाबासाहेब झाला आणि त्यांनी विचारलं, आमचे पूर्वज कोण? 1948 साली त्यांनी मांडलं की अस्पृश्य हे मुळात वाताहत झालेले, गावाबाहेर राहिलेले लोक आणि ते बौद्ध होते. 1956 च्या ऑक्टोबरात नागपूरला दीक्षा झाली, तेव्हा भाषणात त्यांनी नागांची आठवण काढली, बुद्धाचा धम्म पसरवणारे ते नागलोक. माझी आजी वाचायला शिकली नव्हती. पण "आपण नागवंशी" हे ती ताठ मानेनं सांगायची, आणि त्याआधी तिच्या सासूला रस्त्यानं मान वर करून चालता येत नव्हतं. इतिहासकार वाद घालोत, घातलाच पाहिजे. माझ्या घरात त्या पूर्वजानं काय केलं ते मी पाहिलंय.

वाईकर :

सातारची_मुलगी, बळीचं_राज्य, दोघांचं म्हणणं मनाला लागलं. मी पुराव्याचा आग्रह सोडत नाही. पण पूर्वज कोण सांगतोय, खालचा माणूस की खुर्चीतला, हेही पाहायला हवं, हे मान्य करतो.

आगाशिव :

कऱ्हाडहून. आपल्या देशाचंच सांगतो, कारण आपणही 1947 चे नवेच.

सारनाथचे सिंह 1904-05 च्या उत्खननात मातीतून वर आले. त्याच्याही आधी, 1837 साली जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकानं ब्राह्मी लिपी वाचेपर्यंत अशोकाचे स्तंभ लोकांना भीमाची काठी वाटायचे. आपल्याकडंही कुठलं लेणं दिसलं की पांडवांनी एका रात्रीत कोरलं म्हणतात, इथल्या आगाशिवच्या लेण्यांत मी हे शंभरदा ऐकलंय. शिलालेखांत स्वतःला 'देवानांपिय' म्हणवणारा राजा म्हणजे अशोकच, याची पक्की खूण 1915 ला कर्नाटकातल्या मस्कीच्या लेखात पटली. आणि 26 जानेवारी 1950 ला त्याचे सिंह राजमुद्रा झाले. जो राजा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणाला धड ओळखू येत नव्हता, तो आज प्रत्येक नोटेवर आहे. त्याच्या आड कुठली जात, कुठला प्रांत उभा राहू शकत नव्हता, म्हणून तो सगळ्यांना चालला असं मला वाटतं.

सिंधू संस्कृतीचा शोध पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी 20 सप्टेंबर 1924 ला जगाला सांगितला. तेवीस वर्षांत फाळणी झाली आणि हडप्पा, मोहेंजोदडो दोन्ही पलीकडं गेली. वस्तूंची वाटणी झाली. मोहेंजोदडोचा एक हार मणी मोजून दोन देशांत अर्धा अर्धा केला. भावाभावांत घराच्या वाशांची वाटणी होते तशी. त्यानंतर आपण सीमेच्या अलीकडं शोध घेतला, लोथल, कालीबंगन, पुढं ढोलावीरा. जिद्द पूर्वज मिळवायची होती, पण हाती आली ती खरी बंदरं आणि खरी नगरं.

कऱ्हाडचं नाव 'करहाकट' असं भारहुतच्या स्तूपावर आहे, दोन हजार वर्षांहून जुनं. इथल्या लोकांनी मध्य प्रदेशात जाऊन दान दिलं आणि गावाचं नाव दगडावर लिहवून घेतलं. तुमच्या वीरानं लिहवून घेतलं नाही. तो तुमच्याकडं नाव मागत नाहीये.

टेंभूचं_पाणी :

ताई, मी आटपाडीचा, शेती करतो. दगड हलवायची गोष्ट काढलीत म्हणून लिहितो. मेक्सिकोत कोआतलिंचान नावाचं गाव आहे. गावाजवळ कोरड्या ओढ्यात एक अवाढव्य कोरीव दगड पडला होता, अंदाजे 168 टनाचा. पावसाचा देव, त्लालोक. 1964 ला सरकारनं राजधानीत मानववंशशास्त्राचं मोठं संग्रहालय बांधलं आणि दारात हा देव पाहिजे म्हणून उचलायला गाडी पाठवली. लोकांनी रात्री गाडीची मोडतोड केली. मग लष्कर आलं. बदल्यात गावाला रस्ता, शाळा, दवाखाना देऊ म्हणून सांगितलं आणि दगड नेला. राजधानीत पोचला त्या दिवशी तिथं मुसळधार पाऊस पडला, अजून लोक सांगतात.

त्या देशाचं नावच मेशिका लोकांवरनं, म्हणजे ज्यांना आपण अॅझ्टेक म्हणतो. झेंड्यावर निवडुंगावर बसलेला त्यांचा गरुड. आणि त्याच लोकांची नाहुआत्ल भाषा बोलणारी माणसं खेड्यात हालात. पूर्वज राजधानीत, नातवंडं रानात.

आमच्या आटपाडीत आन् तुमच्या माणात पाऊस म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक. टेंभू उपसा योजनेचं पाणी यायच्या आधी आमच्या आज्ज्यानं छावणीत जनावरं काढलीत. आमच्या गावचा पावसाचा देव कुणी क्रेननं उचलला असता तर आज्जा गाडीखाली झोपला असता. दगड हलवू देऊ नका.

सातारची_मुलगी :

याच्याही आधीची गोष्ट तिथलीच. 1790 साली मेक्सिको शहराच्या चौकात कोआत्लिकुए देवीची मूर्ती सापडली. विद्यापीठाच्या आवारात ठेवली तर आदिवासी लोक फुलं, मेणबत्त्या घेऊन यायला लागले. सत्तेला भीती वाटली आणि मूर्ती परत पुरली. आज ती त्याच संग्रहालयाची शान आहे. पूजा होत होती तेव्हा जमिनीखाली, पूजा थांबली तेव्हा संग्रहालयाच्या दालनात.

माणगंगा :

सगळ्यांचे मनापासून आभार. गेल्या रविवारी गावी जाऊन आले.

आधी धनगरवाड्यावर गेले. ज्या घरातून नारळ फुटतो तिथले म्हातारे बाबा वाघरीच्या जाळ्याला गाठी मारत बसले होते. मी विचारलं, "बाबा, तो वीर तुमच्या घराण्यातला का?" ते थोडा वेळ गाठच मारत राहिले. मग म्हणाले, "आमचा कोन न्हाय त्यो. जातबी ठावं न्हाय. जितराबासाठी मेला एवढं ठावं हाय. जितराब घेऊन निघायचं, तर त्याला सांगून निघावं."

मी दोन आठवडे पूर्वज पूर्वज करत होते. नारळ फोडणाऱ्यानं पूर्वजाचा दावाच केला नव्हता. मला तिथं उत्तर सुचलं नाही, चहा घेऊन उठले.

कमिटीत मी कोआतलिंचानची गोष्ट सांगितली आणि बाबांचं वाक्य सांगितलं. सरदाराचं नाव धरून बसलेले काका बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, "आमच्या आज्जीनं सांगितलेलं नाव आहे, ते खोटं म्हणू नका." मी म्हटलं, खोटं नाही म्हणत, स्मरणिकेत 'एका घराण्यात अशी आठवण आहे' म्हणून तुमच्या आज्जीच्या शब्दांत छापू. मानपूरच्या राष्ट्रकूटांवर चार ओळी वेगळ्या, दगडाशी न जोडता. दगड जागेवर राहायचं ठरलं. पाटीचा मजकूर असा ठरलाय :

"वीरगळ. गुरं राखताना पडलेल्या माणसाची आठवण. अंदाजे सात-आठशे वर्षांपूर्वीचा. नाव माहीत नाही. मेंढपाळ आजही इथं नारळ वाहतात."

आता एक अडचण. उत्साहानं पोरं तारेचा ब्रश आणि अॅसिड घेऊन शेंदूर काढायला निघालीत. थांबवलंय, पण काय करायचं?

आगाशिव :

अॅसिड, तारेचा ब्रश, छिन्नी यातलं काहीही नको. वरचं कोरीव काम एका दिवसात जाईल. शेंदराचा थर राहू दे, तोही पूजेचाच भाग आहे. काढायचाच असेल तर पुरातत्त्व विभागाच्या जाणकाराला विचारूनच. ऑइल पेंट तर अजिबात लावू देऊ नका. फोटो हवा असेल तर दुपारी काढू नका. सकाळी ऊन तिरकं पडतं तेव्हा जा, किंवा रात्री एका बाजूनं बॅटरी धरा. झिजलेली रेघ सावलीनं उठून दिसते.

माणगंगा :

आज पहाटे गेले होते. दोन पोरांना बरोबर घेतलं, एकानं पत्रा आडवा धरून ऊन वळवलं. तलवारीची मूठ दिसली, पायातला तोडा दिसला. आणि शेवटच्या गाईच्या मागं, दगडाच्या अगदी कडेला, एक वासरू आहे. गावात कुणालाच माहीत नव्हतं. बाबांना फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "पाडी का गोऱ्हा, कळतंय का?"